हेब्रिडीजची बेटे, बारा प्रवाशांची बोट आणि सेंट किल्डाचा आग्रह

प्रश्न कर्वेनगरातील एका निवृत्त दांपत्याचा आहे. पतीचे वय ६६, पत्नीचे ६२. जूनअखेर ते ग्लासगोला मुलाकडे जाणार आहेत आणि तेथून स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांमध्ये बारा प्रवाशांच्या बोटीने नऊ रात्रींची वन्यजीव सफर करावी, असा त्यांचा विचार आहे. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर सेंट किल्डा या दूरच्या, आता निर्मनुष्य वस्तीच्या बेटसमूहाचे कडे छापलेले आहेत. पतीला पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा छंद आहे आणि हिवाळ्यात त्यांची भिगवणची वारी चुकत नाही. पत्नीला ताम्हिणी घाटात गाडी लागते, त्यांचा डावा गुडघा कुरकुरतो, आणि घर पूर्ण शाकाहारी आहे. सेंट किल्डाला नक्की पोहोचू का, आणि वयाच्या या टप्प्यावर एवढा खर्च व दगदग करावी का, असे त्यांनी विचारले आहे. हिंदी महासागरात आणि उत्तर अटलांटिकमध्ये लहान बोटींवरून मराठी मंडळींचे गट नेणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सफर जरूर करावी, पण ही नऊ रात्रींची नव्हे. आपण दोघांनी मल, ट्रेशनिश, कॅना, रम या आतल्या बेटांमधली पाच-सहा रात्रींची सफर घ्यावी आणि सेंट किल्डा त्यातून पूर्णपणे वगळावे. आपल्याला ते पाहायचेच असेल, तर त्यासाठी वेगळा एक दिवस काढता येतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे. या सल्ल्यामागची कारणे समजून घेतली, तर सल्ला न पटूनही आपल्याला स्वतःचा निर्णय नीट घेता येईल.

आधी बोटीविषयी. या भागातील बहुतेक सफरी बारा किंवा त्याहून कमी प्रवाशांच्या असतात, आणि हा आकडा हौसेने ठरलेला नाही. बारापेक्षा अधिक प्रवासी घेणारे जहाज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाज ठरते आणि त्याला बांधणी, खलाशी व तपासणी यांचे बरेच कडक आणि खर्चिक नियम लागू होतात. त्यामुळे जुन्या मासेमारी बोटी नव्याने सजवून, आठ ते बारा प्रवाशांची सोय करून, एक कप्तान, एक-दोन खलाशी, एक स्वयंपाकी आणि एक निसर्ग मार्गदर्शक अशा मोजक्या माणसांवर या सफरी चालतात. अशा लहान व्यावसायिक बोटींना ब्रिटनमध्ये सुरक्षित बंदरापासून किती दूर जाता येईल याची श्रेणी ठरवून दिलेली असते. तिसऱ्या श्रेणीच्या बोटीला २० सागरी मैलांपर्यंत जाता येते, दुसऱ्या श्रेणीच्या बोटीला ६० मैलांपर्यंत. सेंट किल्डा बाह्य हेब्रिडीजच्याही पश्चिमेला सुमारे ६४ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ३५ सागरी मैल, खुल्या महासागरात आहे. म्हणजे तिसऱ्या श्रेणीची बोट तेथे कायद्यानेच जाऊ शकत नाही. माहितीपत्रकातील चित्र पाहण्याआधी बोटीची श्रेणी विचारावी. उत्तर देणारा गोंधळला तर तेही एक उत्तरच समजावे.

आता हवामान. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला होतो. असा ठोक हंगाम तिकडे नाही. मे ते ऑगस्ट हा त्यातल्या त्यात शांत काळ, पण अटलांटिकवरची कमी दाबाची क्षेत्रे भर जूनमध्येही एकामागोमाग येऊन धडकतात. सात-आठ नॉट, म्हणजे तासाला सात-आठ सागरी मैल, वेगाने चालणाऱ्या बोटीला बाह्य हेब्रिडीजमधील हॅरिसच्या सामुद्रधुनीतून सेंट किल्डा गाठायला सहा-सात तास लागतात, परत यायलाही तेवढेच. मध्ये आसरा घ्यायला एकही जागा नाही. तेथे पोहोचल्यावर नांगर टाकायला जागा म्हणजे हिर्टा या मुख्य बेटाचा व्हिलेज बे हा उपसागर, आणि त्याचे तोंड आग्नेयेला उघडे आहे. वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून फिरला की तो उपसागर रात्री थांबण्याच्या कामाचा राहत नाही. म्हणून कप्तानाला केवळ जाण्यापुरती शांत हवा मिळून भागत नाही. जाणे, तेथे एक दिवस-रात्र थांबणे आणि परत येणे, एवढा दोन दिवसांचा सलग अवकाश त्याला लागतो. शिवाय वारा पडला म्हणजे समुद्र शांत झाला, असेही नसते. दूर कुठेतरी झालेल्या वादळाची लांब लाट वारा थांबल्यानंतरही दोन-दोन दिवस येत राहते, आणि डोक्यावर स्वच्छ ऊन असताना धक्क्याला रबरी होडी लावणे अशक्य होऊन बसते. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला, विशेषतः पैसे भरून आलेल्या पाहुण्याला, हे पटवून देणे फार अवघड जाते.

नऊ-दहा रात्रींच्या सफरीत असा दोन दिवसांचा अवकाश मिळण्याची शक्यता बरी असते, पाच-सहा रात्रींच्या सफरीत ती बरीच कमी होते. पण खात्री कोणालाच देता येत नाही. जो आयोजक खात्री देतो, त्याच्याकडे मी स्वतः आरक्षण करणार नाही. लहान बोटीच्या सफरीत पैसे भरायचे ते दररोज सकाळी हवामानाचा अंदाज ऐकून, नकाशा उलगडून, ‘आज इकडे नको, तिकडे जाऊ’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या जाणतेपणासाठी. ठरलेले ठिकाण आलेच पाहिजे, या आग्रहाने बसलेला प्रवासी कप्तानावर नकळत दबाव आणतो, आणि समुद्रावर असला दबाव कोणाच्याच हिताचा नसतो.

सेंट किल्डाचे आकर्षण मी नाकारत नाही. तेथील शेवटच्या ३६ रहिवाशांनी स्वतःच्याच विनंतीवरून २९ ऑगस्ट १९३० रोजी बेट सोडले. त्याआधी शतकानुशतके ही माणसे मुख्यतः समुद्रपक्ष्यांवर जगली. फुलमार, गॅनेट आणि पफिन यांचे मांस, अंडी, तेल व पिसे हेच त्यांचे पीक होते. १९५७ पासून बेटे नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे आहेत, आणि निसर्ग व संस्कृती या दोन्ही निकषांवर जागतिक वारसा ठरलेले ब्रिटनमधील ते एकमेव ठिकाण आहे. मात्र एक गोष्ट माहितीपत्रके सांगत नाहीत. वन्यजीवनाच्या दृष्टीने तेथील सर्वात थोर दृश्य हिर्टावर उतरून दिसत नाही. ते दिसते शेजारच्या बोरेरे बेटाभोवती आणि स्टॅक ली व स्टॅक अन आर्मिन या सरळ समुद्रातून उठलेल्या सुळक्यांभोवती बोट फिरवताना. स्टॅक अन आर्मिन १९६ मीटर उंच आहे. या खडकांवर गॅनेटच्या सुमारे ६०,००० जोड्या घरटी करतात. दुरून खडक बर्फाने माखल्यासारखा दिसतो आणि जवळ गेल्यावर तो पांढरा रंग हलू लागतो. त्यामुळे धक्क्यावर उतरता आले नाही, तरी सुळक्यांना एक फेरी झाली, तर सफर वाया गेली असे कोणी मानू नये. २०२२ मधील बर्ड फ्लूने उत्तर अटलांटिकमधील गॅनेट आणि ग्रेट स्कुआ यांची मोठी हानी केली. म्हणून जुनी छायाचित्रे पाहून अपेक्षा बांधताना हे ध्यानात ठेवावे.

मग आपल्यासाठी मार्ग कोणता? ग्लासगोहून रेल्वेने सुमारे तीन तासांत ओबन. तेथून बोट मलच्या सामुद्रधुनीतून उत्तरेला जाते. दोन्ही बाजूंना जमीन असल्यामुळे हा टप्पा बहुधा शांत असतो आणि शरीराला सवय व्हायला तो उपयोगी पडतो. टोबरमोरीला एक मुक्काम, मग हवा पाहून ट्रेशनिश बेटांपैकी लुंगा आणि जवळचे स्टॅफा, पुढे कोल बेटाच्या बाजूने कॅना, रम, आणि जमल्यास स्काय बेटाच्या दक्षिणेला डोंगरांच्या कुशीतील लॉख स्कॅव्हेग ही खाडी. यांतील जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन तासांत कुठे ना कुठे आडोसा मिळतो, आणि वाऱ्याची दिशा बदलली, तर कप्तान बेटाची दुसरी बाजू निवडू शकतो. रात्री बोट नेहमी नांगरावर असते. पत्नीच्या दृष्टीने ही सर्वात मोठी सोय आहे, कारण जेवण आणि झोप स्थिर पाण्यात होते.

स्टॅफाचे षट्कोनी बेसाल्टचे खांब पाहताना पुणेकराला थोडी घरची ओळख वाटावी. आपल्या वेताळ टेकडीचा काळा दगड आणि हा दगड एकाच जातीचा, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, स्टॅफाचा त्यानंतर काही लाख नव्हे तर काही दशलक्ष वर्षांनी आलेला. असे खांब आपल्याकडेही कोल्हापूर जिल्ह्यात बांदिवड्याला पाहायला मिळतात. असो, हे विषयांतर झाले.

लुंगावरचे पफिन हे बहुतेकांच्या सफरीचे मुख्य सुख असते. हा पक्षी चित्रांत मोठा वाटतो, प्रत्यक्षात तो वीतभरापेक्षा थोडाच उंच आणि जेमतेम चारशे ग्रॅम वजनाचा असतो. तो कड्याच्या माथ्यावरच्या गवतात बिळे करून राहतो. माणसांच्या वावरामुळे मोठे कुरव आणि स्कुआ दूर राहतात, म्हणून पफिन माणसांच्या जवळ बिनधास्त उतरतात, असे मार्गदर्शक सांगतात, आणि पाहिल्यावर ते पटते. किनाऱ्यावर उतरताना शेवाळलेले मोठे गोटे आणि नंतर एक छोटी, उभी चढण आहे. ती संपली की लगेच पक्षी. म्हणून गुडघेदुखीच्या माणसाने पुढे कड्यांपर्यंत जाण्याचा हट्ट न करता चढणीच्या माथ्यावर, पाऊलवाटेच्या कडेला बसून राहावे. पाच-दहा मिनिटांत पक्षी आपली दखल घेणे सोडून देतात आणि चोचीत चांदीसारखे सँड ईल मासे आडवे धरून हातभर अंतरावर उतरतात. पाय मात्र वाटेवरच ठेवावेत, कारण गवताखालची जमीन पोखरलेली असते आणि एका चुकीच्या पावलाने खालचे बीळ पिल्लासकट ढासळते. छायाचित्रासाठी १००-४०० ची लेन्स पुरून उरते. भिगवणला नेत असाल ती सहाशेची लेन्स घरी ठेवली तरी चालेल, बोटीच्या अरुंद जिन्यात ती अडचणच होते.

भिगवणचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक गोष्ट. तेथे ‘जरा जवळ घ्या’ म्हटले की नावाडी होडी फ्लेमिंगोंच्या दिशेने सरकवतो. येथे तसे म्हणू नये. चांगला कप्तान मिंक देवमासा दिसताच वेग कमी करतो, शंभर मीटरच्या आत स्वतःहून जात नाही, आणि पुष्कळदा इंजिन मोकळे सोडून वाट पाहतो. जवळ यायचे की नाही, ते त्या प्राण्याने ठरवायचे. गंमत अशी, की जवळची दर्शने अशा थांबण्यातूनच घडतात.

देवमासा शोधायचा तो पाण्यात शोधू नये, हे मी प्रत्येक गटाला पहिल्या दिवशी सांगतो. सात ते दहा मीटर लांबीचा मिंक श्वास सोडतो तेव्हा मोठ्या देवमाशांसारखा उंच फवारा दिसत नाही. काळी पाठ वर येते, मागोमाग कोयत्यासारखा छोटा वाकडा पर दिसतो, आणि दोन-चार श्वासांनंतर तो काही मिनिटांसाठी खाली जातो. लाटांमध्ये हे सहज निसटते. म्हणून आधी पक्षी पाहावेत. किटिवेक आणि कुरव एका जागी गोळा होऊन खाली-वर करू लागले, वर तीस मीटर उंचीवरून गॅनेट पंख मिटून बाणासारखे पाण्यात शिरू लागले, तर खाली माशांचा थवा पृष्ठभागाकडे दाबला गेला आहे, असे समजावे. मिंक असेल तर त्याच्याच आसपास. वारा त्याच्याकडून आपल्याकडे असेल, तर कधी कधी तो दिसण्याआधी कुजक्या मासळीचा भपका येतो. तो त्याचा श्वास असतो. सपाट पाण्यावर दोन त्रिकोणी पर एकामागोमाग, मध्ये बरेच अंतर ठेवून, संथपणे सरकताना दिसले, तर तो बास्किंग शार्क: पाठीचा पर आणि शेपटीचे टोक. दहा मीटरपर्यंत वाढणारा हा मासा तोंड उघडे ठेवून केवळ प्लवक गाळून खातो. कोल आणि टायरी बेटांच्या आसपास तो उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येतो, त्यामुळे जूनअखेर त्याची आशा थोडीच धरावी. मिंक आणि बास्किंग शार्क यांच्यासाठी हा समुद्र २०२० मध्ये संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाला आहे.

रमच्या बाजूला संध्याकाळ घालवायला मिळाली, तर जेवण उरकून पुन्हा डेकवर यावे. त्या दिवसांत तेथे रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो. मँक्स शियरवॉटर या पक्ष्याच्या जगातील सर्वात मोठ्या वसाहतींपैकी एक रमच्या डोंगरमाथ्यावर, बिळांमध्ये आहे. शिकारी पक्ष्यांच्या भीतीने हे पक्षी अंधार पडल्याशिवाय जमिनीवर उतरत नाहीत, म्हणून संध्याकाळी ते बेटाजवळच्या पाण्यावर हजारोंच्या संख्येने जमतात. बोट हळू पुढे सरकली, की त्यांची एक लांब पट्टी उठते, ताठ पंखांनी लाटेला घासून जाते आणि पुढे पुन्हा पाण्यावर बसते. हेच पक्षी थंडीत दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जातात. गरुडांसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड ब्रिटनमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीसा झाला होता. १९७५ पासून नॉर्वेहून पिल्ले आणून रमवर सोडण्यात आली, १९८५ मध्ये मलवर पहिले पिल्लू वाढले, आणि आज मलच्या किनाऱ्याने जाताना तो न दिसणे हेच नवल. पाणमांजर पाहायचे तर ओहोटीच्या वेळी, सकाळी लवकर, नांगरावरच्या बोटीतून शेवाळाच्या पट्ट्यावर दुर्बीण लावून बसावे.

आता बोट लागण्याविषयी. ज्याला घाटात गाडी लागते, त्याला बोट लागण्याची शक्यता अधिक, हे खरे. पण गाडीत नसलेली एक सोय बोटीवर असते. उघड्या डेकवर, बोटीच्या मध्यभागी उभे राहून क्षितिजाकडे पाहता येते. कान जी हालचाल सांगतो तीच डोळ्यांना दिसली की मेंदूचा गोंधळ कमी होतो. सर्वात वाईट जागा म्हणजे नाळेकडची केबिन, कारण बोटीचे पुढचे टोक सर्वात जास्त वर-खाली होते. आरक्षण करतानाच मधली, खालच्या पातळीवरची केबिन मागून घ्यावी. थोडी काळोखी असली तरी चालेल. औषध उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, नांगर उचलण्याआधी तास-दोन तास घ्यावे लागते. आपल्याकडे सिनारिझिन आणि प्रोमेथाझिन ही दोन्ही औषधे मिळतात. दुसऱ्याने झोप बरीच येते, आणि ओल्या डेकवर झोपाळलेला माणूस हा वेगळाच धोका आहे. कानामागे लावायची हायोसिनची पट्टी काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना चालत नाही. रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या सुरू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच औषध ठरवावे, आणि ते पुण्यात एकदा घरीच घेऊन, किती झोप येते ते पाहून ठेवावे. आलेपाक सोबत असू द्यावा. काहींना त्याने बरे वाटते आणि अपाय काही नाही. उपाशी राहणे मात्र टाळावे, रिकाम्या पोटी त्रास वाढतो.

चाचणी घ्यायची तर दाभोळची फेरीबोट उपयोगाची नाही, ती खाडीतून जाते. मालवणला किंवा वेंगुर्ल्याला उघड्या समुद्रात दीड-दोन तासांची फेरी मारून पाहावी, मात्र ती पावसाळ्यापूर्वी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मुलाकडे पोहोचल्यावर ओबन किंवा मलहून स्टॅफा-लुंगाची एक दिवसाची बोट घेणे. पण तोवर मोठ्या सफरीचे पैसे भरून झालेले असतात, म्हणून मालवणचा पर्याय आधी.

सेंट किल्डासाठी वेगळा दिवस म्हणालो, तो असा. बाह्य हेब्रिडीजमधील हॅरिस बेटावरील लेव्हरबरो येथून वेगवान बोटी सकाळी निघून सुमारे तीन तासांत हिर्टाला पोहोचवतात आणि संध्याकाळी परत आणतात. हवा बिघडली तर त्याही रद्द होतात, म्हणून हॅरिसला दोन-तीन दिवस मोकळे ठेवावे लागतात. आपण एकट्याने ती बोट घ्यावी आणि पत्नीने तो दिवस हॅरिसच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यांवर घालवावा, ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. नऊ रात्रींच्या सफरीत एकाच्या हौसेसाठी दुसऱ्याने खुल्या महासागरात बारा-चौदा तास बादली धरून बसावे, हे मला तरी पटत नाही. सेंट किल्डाला जाताना बूट आणि पिशव्या नीट झटकून, पाहून घेतल्या जातात. उंदीर वा परके बियाणे बेटावर पोहोचले तर जमिनीत घरटी करणारे पक्षी संपतात. हॅरिसच्या पूर्वेकडील शियांट बेटांवरून उंदीर हटवायला केवढा खटाटोप करावा लागला आणि २०१८ मध्ये ती बेटे उंदीरमुक्त जाहीर झाली, हे कळले की या तपासणीचा राग येत नाही.

गुडघ्याची खरी कसोटी चालण्यात नसून मोठ्या बोटीतून रबरी होडीत उतरण्यात असते, आणि ते दिवसातून दोन-तीनदा करावे लागते. कॅमेरा गळ्यात अडकवून उतरू नये. तो पाणबंद पिशवीत घालून आधी खलाशाकडे द्यावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. खलाशी आपला पंजा धरत नाही, मनगटाच्या वर धरतो, आणि आपणही त्याला तसेच धरायचे. ओला पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. लाटेबरोबर होडी वर येते, क्षणभर थांबते आणि खाली जाते. पाऊल टाकायचे ते होडी वर आलेली असताना, आणि उडी न मारता. आत पाऊल पडताच उभे न राहता लगेच रबरी काठावर बसावे आणि बसूनच मागे सरकावे. खलाशी ‘थांबा’ म्हणाला तर एक पाय हवेत असला तरी तो मागे घ्यावा. पत्नीच्या गुडघ्याविषयी कप्तानाला आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवावे. काही बोटींना मागच्या बाजूला पाण्याच्या पातळीवर फळी असते, तेथून उतरणे पुष्कळ सोपे जाते. अशी बोट मिळत असेल तर बाकी गोष्टींत थोडे कमी-जास्त असले तरी तीच घ्यावी.

जेवणाची चिंता लोक करतात तेवढी करण्याचे कारण नाही. बोटीवरचा स्वयंपाकी ओबनला आठवड्याचे सामान भरतो, म्हणून निघण्याआधी दोन-तीन आठवडे स्पष्ट लिहावे: मांस नाही, मासे नाहीत, अंडे चालते की नाही, जिलेटिन चालत नाही. नुसते ‘शाकाहारी’ लिहिले तर मासे चालतात का, हा प्रश्न तेथे कोणालाही पडू शकतो. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, बाकरवडी न्यावी. खलाशीही खुशीने खातात. तूप, पेढे, बर्फी मात्र नेऊ नये, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे.

कपड्यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. जूनमध्ये दिवसाचे तापमान १२ ते १६ अंशांच्या घरात, पण डेकवरच्या वाऱ्यात ते महाबळेश्वरच्या डिसेंबरपेक्षा बोचरे लागते. पातळ लोकरीचे थर, कानटोपी आणि वारा-पाऊस रोखणारा वरचा सूट पुरे. पुष्कळ बोटी असे सूट आणि गमबूट देतात, विचारून घ्यावे. चिलटांसारखे चावरे मिज किनाऱ्यावर वारा पडला की येतात, नांगरावर बोट दूर असल्याने रात्री त्रास होत नाही.

महिना आपण योग्य निवडला आहे. पफिन एप्रिलमध्ये येतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एकाएकी समुद्रावर निघून जातात. जूनअखेर ते पिल्लांना भरवत असतात, म्हणजे छायाचित्रकाराला हवा तोच काळ. मिंक तेव्हा असतात, जुलै-ऑगस्टमध्ये अधिक दिसतात. मुलाच्या रजेसाठी सफर ऑगस्टमध्ये ढकलण्याचा विचार घरात आला, तर पफिनवर पाणी सोडावे लागेल हे आधीच सांगून टाकावे.

आरक्षणापूर्वी बोटीच्या मालकाशी एकदा फोनवर बोलावे आणि दोनच गोष्टी नीट ऐकाव्यात. मागच्या हंगामात कोणते ठिकाण हुकले आणि त्या दिवशी कुठे गेलात, हे विचारावे. जो मोकळेपणाने, तपशिलात सांगतो, त्याच्याबरोबर जाण्यास हरकत नाही. आणि सफर हवामानामुळे अर्धवट राहिली किंवा मुळात निघालीच नाही, तर पैशांचे काय, हे लेखी मागावे. आपल्या प्रवासविम्यात किनाऱ्यापासून दूरच्या बोटप्रवासाचा आणि आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे का, तेही पॉलिसी उघडून पाहावे, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नये. जागा बाराच असल्याने जूनच्या सफरी आदल्या दिवाळीच्या सुमारासच भरू लागतात. आणि परतीचे विमान बोट ओबनला लागण्याच्या दिवशीचे काढू नये. उशीर होण्याचा प्रश्न आहेच, शिवाय पाच-सहा दिवस डुलल्यावर पुढचा एखादा दिवस पायाखालची जमीनच हलल्यासारखी वाटते, तेव्हा मधले दोन दिवस मुलाच्या घरी ठेवावेत.